न कळलेल्या शब्दाखालची सही

आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट एका शब्दापायी अकरा महिने अडलं होतं, असं मी कुणाला सांगितलं तर ते माझ्याकडे बघून "तुम्हीच सेक्रेटरी ना?" एवढंच विचारतात. हो, मीच. भांडुपमधल्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतीचा सेक्रेटरी व्हायला अंगात कुठलाही गुण असावा लागत नाही. वार्षिक सभेला उशिरा पोचावं लागतं, बस्स. मी एका वर्षी पोचलो, आणि तेव्हापासून पाण्याची टाकी, गच्चीची गळती, कुणाच्या कुंड्या कुणाच्या दारात हे सगळं माझ्या मागे लागलं ते लागलंच. तळमजल्यावरचे काकाही त्यातच आले.

सगळी इमारत त्यांना काका म्हणायची. दारावर नावाची पाटी होती, पण तिच्यावरची पदवी त्यांनी स्वतःच खिळ्याने खरवडून काढली होती, कारण बी.ए.मध्ये पूर्णविराम किती द्यायचे यावरून रंगाऱ्याशी त्यांचं पटलं नव्हतं. चौतीस वर्षं ते एका सरकारी कचेरीच्या भाषांतर शाखेत होते. इंग्रजी कागद आत यायचा, मराठी कागद बाहेर जायचा. काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन बोरिवलीला गेली, कचेरीही संपली, पण भाषांतर काही सुटलं नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, मीटरवाल्याची नोटीस, वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक, काहीही हाताला लागलं की ते वाचायचे आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर शब्द टिपून ठेवायचे. इमारतीत लग्न ठरलं की पहिली पत्रिका त्यांना द्यावी लागे. लग्नाला ते जात नसत.

मी फळ्यावर सूचना लावली की ती संध्याकाळपर्यंत लाल शाईने दुरुस्त झालेली असायची. "पाणी येणार नाही याची नोंद घ्यावी" असं मी लिहिलं होतं, तर खाली लाल अक्षरांत प्रश्न: "नोंद कुठे घ्यावी?" सुरुवातीला मला राग यायचा. नंतर मी सूचना लिहिताना मधे जागा सोडायला लागलो.

पण कुणाचा गैरसमज नको. काका काही शुद्ध मराठीचा झेंडा घेतलेले नव्हते. टेबल, पेन, स्टेशन हे शब्द माझेच आहेत म्हणायचे. वापरून झिजला की शब्द आपला, चपलेसारखा. त्यांचा कटाक्ष एकाच गोष्टीवर होता. ज्या कागदावर सही करायची, त्यातला प्रत्येक शब्द सही करणाऱ्याला कळलेला असला पाहिजे. "न कळलेल्या शब्दाखाली करतात ती सही नव्हे, तो अंगठा," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकताना मला जांभई यायची.

आणि मग आमच्याकडे 'स्टिल्ट' आलं.

बिल्डरचा माणूस गच्चीवरच्या सभेत रंगीत चित्रं घेऊन आला. स्टिल्ट प्लस चौदा, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या चौदाला. काकांनी हात वर केला आणि स्टिल्ट म्हणजे काय ते विचारलं.

"काका, म्हणजे खाली सगळं ओपन राहणार."

"ओपन म्हणजे?"

"म्हणजे खाली काही नाही. फक्त पिलर. गाड्या लागतील."

"आणि मी आत्ता राहतो कुठे?"

"तुम्ही ग्राउंडला ना, काका."

"म्हणजे मी त्या काही नाहीमध्ये राहतो," काका म्हणाले आणि खाली बसले. सगळे हसले, मीही हसलो. सभेत कुणी हसवलं की सेक्रेटरीला बरं वाटतं, तेवढा वेळ कुणी भांडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी करारावर सह्या घेत दारोदार फिरू लागलो, आणि माझ्यामागे ते लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. सही केलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न: स्टिल्ट म्हणजे काय? उत्तरं त्यांनी मला नंतर वाचून दाखवली. कुणी म्हणालं पार्किंग, कुणी म्हणालं पाया, एकाने तर ते बिल्डरच्या भागीदाराचं आडनाव असल्यासारखं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई खालचा मजला स्टीलचा असणार असं धरून चालल्या होत्या आणि आपल्याकडच्या हवेत त्याला गंज चढेल का, याची त्यांना काळजी लागली होती. त्यांचं ऐकून आणखी तिघांना ती लागली. गंमत सांगत नाही, पुढच्या सभेत मला "स्टील नाही, स्टिल्ट, शेवटी ट" असं फळ्यावर लिहावं लागलं. त्याखाली लाल शाई: "ट कळला. शब्द?"

या शब्दाशी काकांचं जुनं वैर होतं, हे मला फार उशिरा समजलं. एकदा मी त्यांच्याकडे सही मागायला गेलो असताना त्यांनी चहा ठेवला आणि सांगितलं. नोकरीला लागून चारच वर्षं झाली होती. पलीकडच्या मिठागरांबद्दलचा एक इंग्रजी अहवाल त्यांच्या टेबलावर आला. त्यात एक ओळ होती की मिठागरांत स्टिल्ट मोठ्या संख्येने दिसून आले. काकांनी शब्दकोश पाहिला, घराखालचे उंच खांब असा अर्थ लागला, आणि त्यांनी इमानाने लिहिलं: "मिठागरांत खांबांवरच्या झोपड्या मोठ्या संख्येने दिसून आल्या." कागद पुढे गेला. झोपड्या म्हटल्यावर अतिक्रमण आलं, अतिक्रमण म्हटल्यावर जीप आली. पाचसहा माणसं घोट्याएवढ्या चिखलात जाऊन उभी राहिली आणि समोर पाण्यात लांब गुलाबी पायांचे, काळ्या पंखांचे पक्षी शांतपणे किडे टिपत होते. इंग्रजीत त्यांनाही स्टिल्ट म्हणतात, मराठीत शेकाट्या. कचेरीत कुणालाच ते माहीत नव्हतं, पण खुलासा एकट्या काकांना द्यावा लागला.

त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात साहेबांनी त्यांच्याबद्दल इंग्रजीत शेरा मारला, लँग्वेज स्टिल्टेड. म्हणजे भाषा कृत्रिम, अवघडलेली. "म्हणजे माझी भाषा बांबूवर चढून चालते, तिचे पाय जमिनीला लागत नाहीत," काका म्हणाले. "एकाच वर्षात एकाच शब्दाने मला दोनदा आडवा केला." हे सांगताना ते हसले नाहीत. चहा मात्र छान झाला होता.

त्यामुळे मुलुंडला एका नव्या मॉलच्या दारात उंच बांबूचे पाय (इंग्रजीत तेही स्टिल्टच) लावलेला एक विदूषक नाचतोय असं कळल्यावर काका तिकडे गेले, यात मला नवल वाटलं नाही. त्यांनी मलाही नेलं. तो माणूस खाली उतरेपर्यंत आम्ही दीड तास उन्हात उभे. उतरून पट्टे सोडायला बसला तेव्हा काकांनी त्याला विचारलं, तुमच्यात याला काय म्हणतात. तो म्हणाला, "टाँग बोलते हैं, साब. और क्या बोलेंगे." काकांनी ते टिपून घेतलं. परतीच्या रिक्षात मी त्यांना म्हटलं, काका, मला ऑफिस असतं, हे बास करा आता. तेव्हा त्यांनी ते टिपण पुन्हा काढून वाचलं.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्यात खरी गोष्ट तिची आहे.

घरात मी आणि आई दोघंच. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशात ही तिसऱ्या मजल्यावरची जागा घेतली, आणि ते गेल्यावर ती आईच्या नावावर झाली. आई मालवणकडची. गुडघे पार गेलेले. इमारतीला लिफ्ट नाही. ती चार वर्षं खाली उतरलेली नव्हती. डॉक्टर वर यायचे, भाजी वर यायची. आमच्या खिडकीच्या बरोबर खाली काकांची खिडकी. आई दोरीला कापडी पिशवी बांधून खाली सोडायची, काका त्यात वाचून झालेलं वर्तमानपत्र आणि त्यांच्या अंगणातल्या झाडाचा कढीपत्ता घालायचे. कधी आई पिशवीतून गरम घावणे धाडायची. ती त्यांना भावजी म्हणायची, ते तिला वहिनी. चार वर्षांत दोघांनी एकमेकांना खिडकीच्या कोनातूनच पाहिलेलं.

आईला एकच हवं होतं. खाली राहायचं. दारातून पाऊल टाकलं की माती. गावच्या घरासारखं काही नको होतं तिला, नुसती सकाळी दारात उभं राहायची सोय. मी कराराचा कागद तिच्यासमोर ठेवला तेव्हा तिने विचारलं होतं, माका खाली खोली गावतली मा? मी ऑफिसातून आलेलो. आणखी नऊ दारं बाकी होती. मी म्हटलं, हो, बघू, तू सही कर. तिने हो ऐकलं आणि सही केली. बघू हे मीसुद्धा ऐकलं नाही.

यात मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. लिफ्ट येणार होती. रोज खाली जाता येणार होतं. जवळजवळ तेच, असं मी स्वतःला सांगितलं. थकलेल्या माणसाला जवळजवळ हा शब्द फार उपयोगी पडतो.

काका दारोदार प्रश्न विचारत होते, तसा त्यांनी तो खिडकीतून आईलाही विचारला. वहिनी, स्टिल्ट म्हणजे काय हो? आई वरून म्हणाली, खालचो मजलो. थंयसर माका खोली गावतली, झिलान सांगितल्यान. झील म्हणजे मी.

त्या संध्याकाळी मी फाटकातून आत आलो तर काका अंगणात उभे होते. सोसायटीच्या कामासाठी ते मला तुम्ही म्हणायचे, एरवी तू. त्या दिवशी तू म्हणाले.

"तू आईची सही कशावर घेतलीस?"

मी लिफ्टचं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"नव्या इमारतीत खालचा मजलाच नाही, हे तिला माहीत नाही. मी सांगणार नाही. माझं नाही ते काम. तू सांग. तू सांगितलंस की त्याच दिवशी मी सही करतो."

तोपर्यंत बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. बिल्डर म्हणत होता, एकासाठी कोर्टात जाऊ, आणि कोर्ट म्हटलं की लोकांना धडकी भरायची. म्हणजे आता इमारत काकांच्या सहीवर अडली होती आणि काकांची सही माझ्या जिभेवर. हे मी कुणाला सांगितलं नाही. सगळे काकांना नावं ठेवत होते आणि मी ती ठेवू देत होतो.

आणि मी सांगत नाही म्हटल्यावर त्या माणसाने काय करावं? आठवड्याभरात ते तीन मजले चढून वर आले. चौपन्न पायऱ्या, वय शहात्तर. दारात बसून आधी श्वास आवरला आणि मग आईला म्हणाले, वहिनी, इमारत पडेपर्यंत तुम्ही माझ्या जागेत राहायला या, मी तुमच्या जागेत येतो. मला वरून मिठागरं दिसतात का ते बघायचंय. आईने खूप आढेवेढे घेतले, पण डोळे काही लपेनात. चौघांनी तिला लाकडी खुर्चीत बसवून खाली नेलं. मी खुर्चीचा मागचा पाय धरला होता. अंगणात टेकवल्यावर तिने आधी चपला काढल्या.

पुढचे चार महिने आई माझ्या आठवणीत होती त्याहून तरुण झाली. सकाळी कढीपत्त्याला पाणी घालायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची, कोळिणीशी वाद घालून बांगडे घ्यायची. तिला वाटत होतं ही सुरुवात आहे. नव्या इमारतीत असंच. आणि मी तिच्याशेजारी जेवायला बसायचो.

काका वर. आता पिशवी ते खाली सोडायचे आणि आई भरायची. दिवसातून दोनदा ते उतरायचे, दोनदा चढायचे. प्रत्येक मजल्यावर थांबायचे, कठड्याला टेकून. मी ऑफिसला निघालो की जिन्याच्या पायथ्याशी गाठ पडायची. ते एकच शब्द विचारायचे, "आज?" मी म्हणायचो, उद्या. त्यांनी मला कधी दोन शब्द विचारले नाहीत, की कधी आवाज चढवला नाही. माझ्यावर चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

एका रविवारी सकाळी ते पहिल्या मजल्याच्या वळणावर पायरीवरच बसलेले दिसले. ओठ निळसर, हात गुडघ्यावर. मी पाणी आणलं, ते प्यायले. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाले, "आज?" मी तिथून सरळ खाली गेलो.

आई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. नव्या इमारतीत तळमजला नाही. स्टिल्ट म्हणजे नुसते खांब. आपल्याला नववा मजला आहे. मला हे सही घेतानाच माहीत होतं.

तिने निवडलेले तांदूळ बाजूला केले. मग विचारलं, "मगे खाली कोण रवतला?"

"कुणी नाही. गाड्या."

"गाड्यांका जमीन आणि माणसांका माळो," ती म्हणाली. माळो म्हणजे गावाकडे शेत राखायला उंच खांबांवर बांधतात ते मचाण. अकरा महिने काका ज्या शब्दाच्या मागे होते तो माझ्या आईच्या तोंडात होता, फक्त तिला तो कुणी नीट विचारला नव्हता.

मला वाटलं ती रडेल. ती उठली. म्हणाली, "भावजींका आधी खाली हाड. माझ्यासाठी ते जिने चढतत आणि तुका कायच वाटना नाय?" मी म्हटलं, त्यांना खाली आणतो, पण तू दोन दिवस थांब, माणसं बोलावतो, खुर्ची आणतो. तिने ऐकलं नाही. जिन्यापाशी गेली, कठडा धरला आणि चढायला लागली.

चौपन्न पायऱ्यांना तिला पाऊण तास लागला. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थांबायचं. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला, रागाने नाही, वाटेत आलेली फांदी सारावी तसा. पहिल्या वळणावर काका अजून बसलेलेच होते. तिला बघून उठायला लागले. ती म्हणाली, बसा. दोघं शेजारीशेजारी पायरीवर बसले. कढीपत्त्याला पाणी घातलंय, असं आई म्हणाली. मग ती वर गेली, काका खाली, आणि मी मधे कुणामागे जावं ते न कळून तिथेच उभा राहिलो.

काकांनी त्याच दुपारी सही केली. करारात जिथे स्टिल्ट होतं तिथे समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "स्टिल्ट, म्हणजे इमारतीचे पाय. येथे कोणी राहत नाही." बिल्डरच्या माणसाने ते वाचलंही नाही. मी वाचलं. मग काकांनी लाल शाईचं पेन मला दिलं आणि म्हणाले, आईच्या प्रतीतही हे लिही, मग तिने पुन्हा सही केली तर करू दे, नाही केली तर नाही. मी ते लिहून प्रत वर नेली. आईने ती दिवसभर तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या सहीच्या खाली नवी केली.

इमारत पडली. काका बोरिवलीला मुलीकडे अकराव्या मजल्यावर राहायला गेले. मी दोनदा भेटायला गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांना बोलायला दम पुरत नव्हता, तरी खिडकीतून समोरच्या मॅटर्निटी होमच्या पाटीवरची चूक त्यांनी मला दाखवलीच. नव्या इमारतीच्या चाव्या मिळायच्या चार महिने आधी ते गेले. आमच्या जागेत राहिले त्या चार महिन्यांतल्या जिन्यांनी त्यांचं काय केलं हे डॉक्टरला मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण मी घाबरलो.

आता आम्ही नवव्या मजल्यावर आहोत. लिफ्ट आहे. आई कधीकधी खाली जाते, गाड्यांच्या मधे प्लास्टिकच्या खुर्चीत बसते आणि परत येते. माझ्याशी नीट वागते. जेवलास का विचारते, उशीर झाला की फोन करते. सोसायटीतले लोक म्हणतात, तुमचं कसं छान आहे.

गेल्या महिन्यात, वडिलांमागे आईला मिळते त्या पेन्शनसाठी बँकेचा कागद आला, दरवर्षी येतो तो, पेन्शनवाल्यांनी जिवंत असल्याचं लिहून द्यायचं असतं. मी नेहमीसारखा पेनने फुली मारून दाखवली, इथे कर. आईने पेन घेतलं नाही. चष्मा लावला, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "सगळा वाच."

अगं, दरवर्षीचाच आहे, मी म्हटलं.

"असूंदे. लिवलेला आसा तसा सांग. तुका व्हया तसा नको."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.